नाथसागरभोवती गाडी, सायकल आणि तंबू : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पावसाळा सरतो, जायकवाडी धरणातल्या साठ्याची टक्केवारी रोज पेपरात येऊ लागते आणि मग हेच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारले जातात. सोपे प्रश्न आधी घेतले आहेत, अडचणीचे नंतर. एका उत्तराचा धागा दुसरीकडे असेल तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. नाथसागर म्हणजे जायकवाडी धरणच ना? पूर्ण फेरी किती किलोमीटरची होते?

हो. पैठणजवळ गोदावरीवर बांधलेलं ते जायकवाडी धरण, आणि त्यामागे साठलेलं पाणी म्हणजे नाथसागर. नाव संत एकनाथांवरून. १८ ऑक्टोबर १९६५ रोजी लालबहादूर शास्त्रींच्या हस्ते पायाभरणी झाली आणि २४ फेब्रुवारी १९७६ रोजी इंदिरा गांधींच्या हस्ते लोकार्पण. मातीचा बांध सुमारे १० किलोमीटर लांब, दरवाजे २७. धरण काठोकाठ भरलं की पाणी साधारण ३५० चौरस किलोमीटरवर पसरतं.

मुख्य रस्त्यांनी फेरी सुमारे १८० किलोमीटरची: छत्रपती संभाजीनगर ते प्रवरासंगम ४५, तिथून नेवासा १५, नेवासा–कुकाणा–शेवगाव ४०, शेवगाव–पैठण ३०, पैठण–संभाजीनगर ५२. यातला नेवासा-शेवगावचा भाग अहिल्यानगर जिल्ह्यात येतो. आडवाटांनी पाण्यापर्यंत जाऊन परत यायचं म्हटलं तर अजून ५०-६० किलोमीटर धरा. दोन मुक्काम, तीन दिवस हा बेत आटोपशीर.

२. रस्ता सगळीकडे पाण्याच्या कडेनेच जातो का?

नाही. बहुतेकांची निराशा इथेच होते. नकाशात रस्ता निळ्या भागाला चिकटलेला वाटतो, प्रत्यक्षात मुख्य रस्त्यावरून पाणी क्वचितच दिसतं. पाण्यापर्यंत जायला गावरस्ते धरावे लागतात. पैठणच्या बाजूला पिंपळवाडी आणि सोनेवाडी, शेवगावच्या बाजूला एरंडगाव आणि दहिगाव-ने, गंगापूरच्या बाजूला कायगाव. गाव ओलांडलं की डांबर संपतं, मग मुरूम, मग शेतातली गाडीवाट. गाडी गावात लावून शेवटचा टप्पा सायकलने करण्यातच या सहलीची खरी गंमत आहे.

धरणाच्या भिंतीवरून सायकल नेता येईल का, असंही बरेच जण विचारतात. तो संरक्षित भाग आहे. परवानगीशिवाय तिथे जाऊ नका, आणि दरवाज्यांकडे ड्रोन तर अजिबात उडवू नका.

३. फेरी कोणत्या दिशेने करावी?

घड्याळाच्या उलट: संभाजीनगर, प्रवरासंगम, नेवासा, शेवगाव, पैठण आणि परत. आपण रस्त्याच्या डावीकडून चालतो, त्यामुळे या दिशेने जलाशय कायम डाव्या हाताला राहतो. पाण्याकडे वळताना समोरची वाहनं ओलांडावी लागत नाहीत. ऊस हंगामात दोन-दोन ट्रॉल्यांचे ट्रॅक्टर रांगेने चाललेले असतात, तेव्हा ही गोष्ट फार मोलाची ठरते.

दुसरं कारण उजेडाचं. पैठणच्या बाजूने पाणी पश्चिमेला येतं, म्हणून मावळता सूर्य पाण्यात उतरताना दिसतो. पहिला मुक्काम शेवगावच्या बाजूला आणि दुसरा पैठणजवळ ठेवला, तर तो सूर्यास्त सहलीच्या शेवटच्या संध्याकाळी येतो.

संभाजीनगर ते प्रवरासंगम हा टप्पा सायकलने करू नका. वाळूजची कारखानदारी आणि पुणे-अहिल्यानगरची अवजड वाहतूक याच रस्त्याला आहे. तेवढ्यापुरत्या सायकली गाडीवर चढवा. प्रवरासंगमला सायकली उतरवा, सिद्धेश्वराचं मंदिर आणि गोदावरी-प्रवरेचा संगम निवांत बघा. नेवाशात पैस खांब आहे, ज्ञानेश्वरी जिथे सांगितली गेली ती जागा. तिथे अर्धा तास तरी द्याच.

४. कोणता महिना चांगला? आणि धरण किती टक्के असताना जावं?

नोव्हेंबरचा मध्य ते फेब्रुवारीचा मध्य. पण महिन्याइतकीच टक्केवारी बघा, कारण नाथसागराचा किनारा एका जागी थांबत नाही. जलाशय उथळ आणि पसरट आहे. पातळी हातभर उतरली तरी पाण्याची कड बरीच आत सरकते. गेल्या वर्षीच्या फोटोतली जागा यंदा पाण्याखाली असू शकते, नाहीतर पाण्यापासून दोन किलोमीटर दूर.

पेपरात येणारी टक्केवारी जिवंत, म्हणजे वापरता येणाऱ्या साठ्याची असते. पूर्ण जिवंत साठा सुमारे ७६ टीएमसी (अब्ज घनफूट). त्याखाली सुमारे २६ टीएमसी मृत साठा असतो, म्हणून ‘शून्य टक्के’ असतानाही पाणी दिसतं. २०१९ च्या उन्हाळ्यात जिवंत साठा संपला होता, तरी मधल्या भागात पाणी होतंच.

ढोबळ अंदाज असा. नव्वदच्या वर: पाणी शेतांच्या बांधाला लागलेलं, जुन्या गाडीवाटा बुडालेल्या, तंबूला जागा कमी, दृश्य मात्र भरगच्च. पन्नास ते ऐंशी: सायकल, तंबू आणि पक्षी तिन्हींना सगळ्यात सोयीचं. वीसच्या खाली: पाण्यापर्यंत पोहोचायला गाळाचं मैदान तुडवावं लागतं. उन्हाळ्यात पारा चाळिशीपार जातो आणि सावलीला वेड्या बाभळीशिवाय काही नसतं, तेव्हा एप्रिल-मे सोडाच.

५. पाण्याकाठी कुठेही तंबू ठोकला तर चालतो का?

नाही. १९८६ पासून नाथसागर हे जायकवाडी पक्षी अभयारण्य आहे. पाणी आणि काठाचा बराच पट्टा त्यात येतो. तिथे परवानगीशिवाय मुक्काम, शेकोटी, मोठा आवाज यातलं काही चालत नाही. अभयारण्यात जायचं असेल तर वन विभागाच्या संभाजीनगर इथल्या वन्यजीव कार्यालयात आधी विचारा आणि परवानगी लेखी घ्या.

सरळ मार्ग म्हणजे अभयारण्याच्या हद्दीबाहेर एखाद्या शेतकऱ्याच्या मळ्यात राहणं. त्यासाठी दिवस मावळायच्या दोन तास आधी गावात पोहोचा. पारावर किंवा चहाच्या टपरीवर कुठून आलो, किती जण आहोत, किती वाजता निघणार ते सांगा. मालकाला विचारल्याशिवाय बांध ओलांडू नका. पैशाचं आधीच मोकळेपणाने ठरवा. कुणी घेणार नाही म्हणालं तर निदान जेवण-दूध त्यांच्याकडूनच विकत घ्या. पोलीस पाटलांच्या कानावर घातलं की रात्री कुणी ‘कोण रे तिकडे’ म्हणून बॅटरी मारत येत नाही.

६. पाणी ओसरलेली जमीन तर सरकारी, मग तिथे राहायला कुणाची हरकत?

ती मोकळी दिसते, पण मोकळी नसते. पाणी मागे सरतं तशी उघडी पडणारी जमीन म्हणजे गाळपेर. ती शेतकऱ्यांना हंगामापुरती कसायला दिली जाते. आज नुसती ओल दिसते तिथे आठवड्याने हरभरा नाहीतर गहू उगवून आलेला असतो. सायकलच्या चाकाने नुकतंच पेरलेलं तास मोडतं, आणि ज्याने पेरलं त्याला ते लांबूनही दिसतं.

दुसरा धोका जीवघेणा आहे. काठावरच्या मोटारी पाणी उपसतात आणि त्यांच्या केबल गवतातून, चिखलातून, कधी उथळ पाण्यातून गेलेल्या असतात. जोडाला नुसती चिकटपट्टी गुंडाळलेली असते. केबल दिसली की सायकल उचलून पलीकडे ठेवा, चाक तिच्यावरून नेऊ नका, ओल्या पायाने जवळ जाऊ नका. तंबू केबलपासून निदान वीस पावलं दूर. शेतीची वीज बऱ्याचदा रात्री येते, त्यामुळे दोन वाजता मोटार सुरू करायला कुणी आलं तर घाबरू नका.

तिसरी गोष्ट विहिरी. धरणात शंभरावर गावांच्या जमिनी गेल्या. पाणी खाली गेलं की जुन्या घरांचे पाये आणि बिनकठड्याच्या विहिरी उघड्या पडतात. अंधारात गाळपेरात हिंडू नका.

७. गाडी थेट पाण्यापर्यंत नेता येईल का? रुतली तर काय?

नेऊ नका. काळ्या मातीचा वरचा दोन-तीन बोटांचा थर उन्हाने वाळून भेगाळतो, पांढुरका पडतो, पायाखाली टणक लागतो. त्याखाली लोण्यासारखा गाळ असतो. माणूस चालून जातो, पण गाडीचं पुढचं चाक पापुद्रा फोडतं आणि बसतं. तपासायची सोपी रीत: तंबूची लोखंडी खुंटी हाताने दाबा. वीतभर खुंटी बिनाहातोडीने आत गेली तर तिथून पुढे गाडी नाही.

रुतलीच तर पहिला नियम, रेस करू नका. चाक फिरत राहिलं की ते स्वतःची कबर खणतं. सगळे उतरा, सायकली आणि सामान काढा. इंजिनचा जोर पुढच्या चाकांवर असेल तर पुढच्या, नाहीतर मागच्या टायरांची हवा १८-२० पीएसआयपर्यंत कमी करा. चाकापुढचा गाळ फावड्याने काढून उतार करा. मग चाकाखाली पऱ्हाट्या किंवा तुराट्या (कापसाच्या, तुरीच्या वाळलेल्या काड्या) आडव्या, दाट, दोन हात लांबीपर्यंत अंथरा. शेताच्या बांधावर त्यांचे ढीग असतात, पण ते कुणाच्या तरी चुलीचं सरपण असतं, म्हणून विचारून घ्या. स्टिअरिंग सरळ ठेवून, मागच्या मार्गानेच, पहिल्या किंवा रिव्हर्स गिअरमध्ये हळू बाहेर या. दोन प्रयत्नांत निघाली नाही तर ट्रॅक्टर बोलवा. दोर गाडीच्या टोइंग हुकलाच बांधा, बंपरला नाही. डांबरावर आल्यावर हवा भरायला पंप जवळ हवा.

पावसाची सर पडून गेली असेल तर काळ्या रानातल्या वाटेवर निदान दोन दिवस गाडी घालू नका.

८. कोणती सायकल आणावी? पंक्चर फार होतात म्हणतात, खरं का?

गिअरची साधी हायब्रिड पुरेशी. टायर ३५ ते ४० मिलिमीटर रुंद. बारीक टायरची रोड सायकल डांबर सोडलं की निरुपयोगी. चढ जवळजवळ नाहीत, पण वारा आहे. हिवाळ्यात तो बहुधा पूर्वेकडून येतो, म्हणून शेवगावहून पैठणकडे येताना समोरून लागतो. तो टप्पा सकाळी लवकर करा.

पंक्चरचं खरं आहे. कारणं दोन, बाभळीचा काटा आणि सराटा. सराटा गाडीवाटेच्या मधल्या गवताळ पट्टीत जमिनीलगत पसरतो आणि त्याची वाळलेली फळं कुठूनही पडली तरी एक टोक वर ठेवतात. म्हणून चाकोरीतूनच चालवा, मधल्या पट्टीवर आणि कडेच्या गवतात जाऊ नका. सायकल आडवी टाकायची असेल तर आधी जमीन बघा.

माणशी सामान: दोन जादा ट्यूब, पॅच, सोल्यूशन, सँडपेपर, तीन टायर लिव्हर, पंप, छोटी पकड, थोडा कापूस. ट्यूबमध्ये सीलंट भरून आणलं तर सराट्याची बारीक भोकं आपोआप बुजतात, बाभळीला मात्र ते पुरत नाही.

सगळ्यात जास्त होणारी चूक अशी: ट्यूब बदलली, हवा भरली आणि दहा मिनिटांत पुन्हा बसली. काट्याचं टोक टायरच्या रबरात मोडून राहिलेलं असतं. बाहेरून दिसत नाही, बोटाला कधी कधी लागतही नाही. टायर पूर्ण काढा, आतून कापसाचा बोळा सावकाश फिरवा. टोक असेल तिथे कापसाचे तंतू अडकतात. तिथे टायर वाकवून पकडीने टोक ओढा. एक सापडलं म्हणून थांबू नका, सराटा एकटा नसतो. पूर्ण फेरा झाल्यावरच नवी ट्यूब बसवा.

चिखलाच्या दिवसांत मडगार्ड काढून ठेवा. काळी माती चाक आणि मडगार्डमध्ये कोंबली जाते आणि चाक फिरायचंच थांबतं. तरीही ओढत नेलं तर डिरेलर (साखळी एका गिअरवरून दुसऱ्यावर सरकवणारा भाग) वाकतो.

९. कालव्याच्या कडेने सायकल चालवता येते का?

जायकवाडीचा डावा कालवा २०८ किलोमीटर आणि उजवा १३२ किलोमीटर लांब आहे. त्यांच्या कडेची मुरमाची वाट जवळजवळ सपाट असते, दोन्ही बाजूंना ऊस, मोसंबी, कापूस. गावकरी रोज ये-जा करतात. मात्र ती जलसंपदा विभागाची देखभालीची वाट आहे. अडवलं तर वाद न घालता परत फिरा.

रब्बीचं आवर्तन (पिकांसाठी पाणी सोडण्याची पाळी) सुरू असेल तर कालवा भरून वाहत असतो. अस्तरीकरणाच्या उतरत्या कडेवर शेवाळ असतं, त्यावर पाय ठरत नाही आणि आत पडलेल्या माणसाला स्वतःहून वर येता येत नाही. कडेपासून दोन मीटर दूर चालवा, शेजारी-शेजारी दोन सायकली नकोत, आणि हातपाय धुवायला पायऱ्या बांधलेल्या आहेत तिथेच उतरा. लहान मुलांना या वाटेवर आणू नका.

१०. थंडी किती असते? तंबू कसा असावा?

डिसेंबर-जानेवारीत पहाटे पारा १० अंशांपर्यंत, कधी त्याखालीही उतरतो. पाण्यावरून वारा असला की त्याहून गार वाटतं. ५ ते १० अंशांसाठीची स्लीपिंग बॅग आणि खाली फोमची चटई हवी. जाड पांघरूण आणून चटई विसरणारे रात्रभर कुडकुडतात, कारण गारठा जमिनीतून येतो.

दुसरा त्रास दवाचा. पाण्याजवळ दव इतकं पडतं की एका थराचा तंबू आतून पाझरल्यासारखा होतो. दोन थरांचा तंबू घ्या, जाळीच्या खिडक्या थंडी वाजली तरी थोड्या उघड्या ठेवा. श्वासातली वाफ बाहेर गेली नाही तर तीच पहाटे अंगावर टपकते. खुंट्या नऊ-दहा इंची आणा. भेगाळलेल्या मातीत आखूड खुंट्या धरत नाहीत. धरत नसतील तर पिशवीत माती भरून दोर तिला बांधा. जागा पाण्यापासून निदान शंभर मीटर दूर आणि थोडी उंचवट्यावर.

११. जेवणाचं आणि पिण्याच्या पाण्याचं काय करायचं?

जलाशयाचं पाणी उकळूनही पिऊ नका. उकळल्याने जंतू मरतात, शेतातून वाहून आलेली खतं-औषधं जात नाहीत. माणशी दिवसाला चार लिटर धरा, सायकल चालवायच्या दिवशी पाच. शेवगाव, नेवासा, पैठण इथे २० लिटरचे जार सहज मिळतात.

स्वयंपाक गॅसवर करा. वाळलेल्या गवतात आग कशी पळते ते बघायची वेळ येऊ देऊ नका. आणि शक्य असेल तर गावातच भाकरी सांगा. डिसेंबर-जानेवारीत गेलात तर हुरडा चुकवू नका. गोवऱ्यांच्या आगटीत भाजलेली गूळभेंडी ज्वारीची कणसं, तळहातावर चोळून फुंकर मारलेली, सोबत शेंगदाण्याची किंवा लसणाची चटणी. सकाळी नऊच्या आत कोवळा हुरडा मऊ आणि गोड लागतो. मालक आगटी लावेल तिथेच खा, स्वतः लावू नका.

१२. साप, बिबट्या, कुत्री यांची भीती कितपत?

घोणस, नाग आणि मण्यार तिन्ही इथे आहेत. मण्यार रात्री फिरते आणि अंथरुणात शिरते, म्हणून तंबूची चेन दोन मिनिटांसाठीही उघडी ठेवू नका. बूट आत घ्या, सकाळी झटकून घाला, रात्री बॅटरीशिवाय पाऊल टाकू नका. दंश झाला तर कापणं, चोखणं, आवळून बांधणं यातलं काही नाही. अवयव हलवू न देता १०८ ला फोन करा आणि जवळच्या ग्रामीण रुग्णालयात न्या. मोठं सरकारी रुग्णालय संभाजीनगरचं घाटी.

गोदाकाठच्या उसात बिबट्या असतो. उसाच्या फडाला लागून तंबू नको, अंधार पडल्यावर आणि पहाटे एकट्याने उसामधल्या वाटेने सायकल नको, शौचाला जाताना दोघांनी जा. गावकरी ‘इकडे नका थांबू’ म्हणाले तर कारण न विचारता जागा बदला.

कुत्र्यांचं सोपं आहे. सायकल पळवू नका, उतरा, ती मध्ये धरा आणि चालत पुढे जा.

१३. पक्षी कुठे आणि कसे बघायचे?

प्रश्न २ मधल्या सगळ्या गावांच्या काठांवर दिसतात. सूर्योदयापासून साडेनऊपर्यंत उत्तम. पट्टकादंब, चक्रवाक, तलवार बदक, चमचा, चित्रबलाक, काही वर्षी रोहित (फ्लेमिंगो). पांढऱ्या कपाळाचा काळा पक्षी शेकड्यांनी तरंगताना दिसेल, त्याचं नाव वारकरी. पैठणच्या पाण्यावर हे नाव ऐकून मन भरून येतं.

सायकल दीडशे मीटर मागे ठेवा, भडक कपडे टाळा. थवा माना वर करून एका दिशेने सरकू लागला की तुम्ही जास्त जवळ आला आहात. तिथेच बसा. फोटोसाठी उडवलेला थवा दिवसभराचं चरणं सोडून जातो. रात्री पाण्याकडे प्रखर दिवे मारू नका.

१४. पोहता येईल का? मासेमारांच्या तराफ्यावर बसता येईल का?

दोन्हींना नाही. तळाशी गाळ, मध्ये न दिसणारी जाळी आणि प्रश्न ६ मधल्या विहिरी. पट्टीचे पोहणारेही जाळ्यात पाय अडकून बुडतात. थर्माकोलचे तराफे एका माणसाच्या तोलावर चालतात. मासे घ्यायचे तर सकाळी काठावर ताजे मिळतात.

१५. मुलांना घेऊन जायचं आहे, काय बदल करावा?

एकच मुक्काम, पैठणजवळ. सायकल दिवसाला १५ किलोमीटर पुरे. पैठण ते आपेगाव हा रस्ता सोयीचा: ज्ञानेश्वरांच्या पूर्वजांचं गाव. मात्र तो गोदाकाठचा आणि उसाचा पट्टा आहे, म्हणून ऊन असेतोवर परत या (प्रश्न १२). पैठणमध्ये हातमागावर पैठणी विणताना मुलांना जरूर दाखवा. शौचासाठी पाण्यापासून साठ मीटर दूर वीतभर खड्डा, वर माती. पॅड आणि डायपर पुरू नका, परत न्या.

१६. मार्चमध्ये पैठणला मुक्काम मिळत नाही, असं का?

नाथषष्ठीमुळे. फाल्गुन वद्य षष्ठीला लाखो वारकरी येतात. षष्ठीच्या आधी-नंतरचे तीन-तीन दिवस सायकल आणि तंबूचा बेत ठेवू नका. रस्ते दिंड्यांचे असतात.

१७. पुण्या-मुंबईहून सायकल रेल्वेने आणता येते का?

येते, संभाजीनगर स्थानकापर्यंत. पैठणला रेल्वे नाही. पार्सल कार्यालयात आदल्या दिवशी चौकशी करा. पेडल काढा, हँडल वळवा, डिरेलरवर पुठ्ठा बांधा. गाडीच्या मागच्या कॅरिअरवर आणणार असाल तर नंबरप्लेट आणि मागचे दिवे झाकले जाणार नाहीत हे बघा, आणि पहिल्या दहा किलोमीटरनंतर थांबून पट्टे पुन्हा आवळा. ते सैल होतातच.

१८. धरण भरलंय, दरवाजे उघडलेत. नेमकं तेव्हाच जाऊन नदीकाठी तंबू टाकला तर?

दरवाज्यांमधून कोसळणारं पाणी बघण्यासारखं असतं, पण ते लांबून, पोलिसांनी आखून दिलेल्या जागेवरून, दिवसा. धरणाखालच्या गोदापात्रात आणि घाटांवर मुक्काम नकोच. ऑगस्ट २००६ मध्ये मोठा विसर्ग झाला तेव्हा पैठण शहरात पाणी शिरलं होतं. विसर्ग तासातासाने वाढवला जातो आणि वर नाशिककडे पडलेल्या पावसाचं पाणी इथे आकाश निरभ्र असतानाही येतं. त्या दिवसांत शेवगाव-पैठण दरम्यानच्या पुलावरची वाहतूक थांबू शकते, तेव्हा निघण्याआधी पैठण पोलीस ठाण्यात फोन करून रस्ता चालू आहे का ते विचारा. बंद असेल तर नेवाशावरून आल्या मार्गानेच माघारी फिरा.